क्षेपणास्त्र-कवचाच्या वादात हरू नये म्हणून

अमेरिकेच्या क्षेपणास्त्र-संरक्षणावर चार लोकांत वाद घालायची वेळ आली, तर नेहमी वर बोट दाखवावं. धोका आकाशातूनच येतो. १९८३ साली रेगनसाहेबांनी तसं टीव्हीवर सांगितलं. मे २०२५ मध्ये ट्रम्पसाहेबांनी ‘गोल्डन डोम’ नावाच्या नव्या क्षेपणास्त्र-कवचाचं चित्र शेजारी लावून पुन्हा सांगितलं, वर १७,५०० कोटी डॉलरचा आकडाही दिला. एवढ्या पैशात धोक्याने वरूनच यायला हवं, नाही का?

समोरचा हमखास जहाजावरच्या कंटेनरचा विषय काढेल. ‘क्षेपणास्त्र कुठून सुटलं हे उपग्रहाला लगेच कळतं, सोडणाऱ्याचं गाव तासाभरात बेचिराख होईल. मग दहशतवादी बॉम्ब बोटीतूनच नाही का आणणार?’ इथे गडबडू नका, चहा मागवा. (हा वाद मुंबईत चालू असेल तर दोन चहा मागवा. समुद्रातून काय काय येतं, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही.)

११ सप्टेंबर २००१ चा विषय शक्यतो टाळा. त्या दिवशी बुश यांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कॉंडोलिझा राइस क्षेपणास्त्र-संरक्षणाची महती सांगणारं भाषण देणार होत्या. आदल्याच दिवशी सेनेटर बायडन बोलून बसले होते, की खरा धोका जहाजाच्या नाहीतर विमानाच्या पोटातून येईल. राइसबाईंचं भाषण राहिलं ते राहिलंच. धोरणाला मात्र धक्का लागला नाही. विमानं पळवणारे हातात कटर घेऊन आले होते, आणि तीन महिन्यांत बुश सरकारने क्षेपणास्त्र-संरक्षणावर मर्यादा घालणारा १९७२ चा करार सोडत असल्याचं जाहीर केलं. याला म्हणतात निष्ठा.

कुणी म्हणेल, २००२ मध्ये एबीसी या अमेरिकी वाहिनीच्या पत्रकारांनी सात-एक किलो युरेनियम कंटेनरमधून न्यूयॉर्क बंदरात उतरवलं आणि कस्टमला पत्ताही लागला नाही. सांगा, ते बॉम्बचं युरेनियम नव्हतंच. खरंच नव्हतं. (बॉम्बचं युरेनियमही शिशात गुंडाळलं की फारसं बोलत नाही, ही माहिती स्वतःजवळच ठेवा.) बंदरांवर किरणोत्सर्ग शोधणारी यंत्रं बसवली आहेतच की! ती केळ्यांवर, फरशांवर आणि मांजराच्या शी-शूसाठी वापरतात त्या मातीवरसुद्धा ओरडतात. याहून दक्षता ती काय? अमेरिकेकडे निघालेला प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरातच तपासायचा कायदा २००७ मध्ये झाला. मुदत २०१२ ची होती. तेव्हापासून ती पुढेच सरकते आहे.

चाचण्यांबद्दल विचारलं तर मान ताठ ठेवा. अलास्कातल्या फोर्ट ग्रीलीत जी रोधक क्षेपणास्त्रं उभी आहेत, त्या प्रणालीचा नेम चाचण्यांत जेमतेम निम्म्या वेळा लागलाय. तोही पेपर आधी ठाऊक असताना. आपल्याकडे पस्तीस टक्क्यांना पास करतात.

शेवटचा हल्ला होईल तो ‘युरेनियम मुळातच कुलपात ठेवा’ म्हणणाऱ्यांचा. १९९४ मध्ये कझाकस्तानातून सुमारे सहाशे किलो समृद्ध, म्हणजे बॉम्बच्या कामाचं युरेनियम अमेरिकेने गुपचूप विमानांत घालून आणलं, हे उदाहरण ते देतील. हसण्यावारी न्या. ना धूर, ना ज्वाळा, टीव्हीवर दाखवायचं काय? आणलं ते टेनेसीत, ओक रिजला. तिथल्या वाय-१२ आवारात जुलै २०१२ मध्ये ८२ वर्षांच्या एक नन, मेगन राइस, दोन साथीदारांसह कुंपणं कापून थेट समृद्ध युरेनियमच्या कोठारापर्यंत गेल्या आणि तिथल्या भिंतीवर त्यांनी घोषणा रंगवल्या. पण त्या चालत गेल्या होत्या. चालत येणारे क्षेपणास्त्र-संरक्षणाच्या विषयात बसत नाहीत.