लोकर, खेचर आणि नोकरीचं पत्र

वादाला तोंड फोडलं आमच्यातल्या धाकट्यानं. दुसऱ्या शहरातल्या नोकरीचं पत्र हातात पडलेलं, उत्तर द्यायची मुदत संपत आलेली, आणि हा म्हणतो, "देवाकडून खूण आल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही." रोज सकाळी डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचं, पानावर बोट टेकवायचं आणि त्या ओळीत उत्तर शोधायचं, असा त्याचा नेम चाललेला. त्या दिवशी बोट पडलं ते गणनेच्या पुस्तकातल्या शिरगणतीवर. "आता एवढ्या नावांतून मी काय समजायचं?" हे त्यानं इतक्या कळकळीनं विचारलं की हसू आलं तरी त्याची टिंगल करावी असं कुणाला वाटलं नाही.

मास्तर लगेच त्याच्या बाजूनं उतरले. रविवारच्या शाळेत त्यांनी पोरांच्या दोन पिढ्यांना बायबल शिकवलंय. त्यांच्याशी वाद घालायचा तर वचनं पाठ असावी लागतात.

"खूण मागण्यात गैर काय आहे? जुन्या करारातल्या गिदोनानं, शत्रूशी लढायच्या आधी, नाही मागितली? खळ्यात लोकर ठेवली आणि म्हणाला, दव फक्त लोकरीवर पडू दे, जमीन कोरडी राहू दे. सकाळी लोकर पिळली तर वाटीभर पाणी निघालं. तरी गड्याची खात्री पटेना. दुसऱ्या रात्री उलटं मागितलं, लोकर कोरडी आणि जमीन ओली. देवानं तेही केलं. रागावला का त्याच्यावर? मग ह्याच्यावर का रागावेल?"

"मास्तर, शास्ते सहावा अध्याय," वकील म्हणाला. तो असा अध्याय सांगून सुरुवात करतो तेव्हा बाकीच्यांनी थोडं सावरून बसायचं असतं. "लोकर येते छत्तिसाव्या वचनापासून पुढे. त्याच्या कितीतरी आधी देव गिदोनाला म्हणालाय, जा, मी तुझ्याबरोबर असेन. आणि लोकर ठेवताना गिदोन स्वतःच कबूल करतो, 'तू सांगितल्याप्रमाणे'. म्हणजे काय करायचं ते त्याला ठाऊक होतं, फक्त धीर होत नव्हता. ह्याला कुठे काय सांगितलंय? हा लोकर घालून नोकरी निवडायला निघालाय."

"बरं, मग चिठ्ठ्या? यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडायचा होता तेव्हा चिठ्ठ्याच टाकल्या ना? मथ्थियाचं नाव निघालं."

"निघालं. पण ते पेंटेकॉस्टच्या आधी. पवित्र आत्मा उतरल्यावर चिठ्ठी टाकून निर्णय घेतल्याचं नव्या करारात पुढे कुठेच येत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमेत मंडळीपुढे, म्हणजे चर्चपुढे, केवढा मोठा प्रश्न आला, तेव्हा काय केलं त्यांनी? भरपूर वाद घातला, एकमेकांचं ऐकलं आणि पत्रात लिहिलं की पवित्र आत्म्याला आणि आम्हांला हे योग्य वाटलं."

मला हे वाक्य फार आवडतं. त्यात 'आम्हांला' आहे. माणसं बसली, बोलली, त्यांना काहीतरी योग्य वाटलं, आणि त्या वाटण्यातही देव होता असं त्यांनी निःसंकोच लिहून टाकलं. आकाशातून आवाज आल्याचा दावा नाही, तरी विश्वास पुरेपूर.

मास्तर हार मानणारे नव्हेत. त्यांनी संत ऑगस्टीनला पुढे केलं. सन 386, मिलानमधली बाग, कुठूनसा लहान मुलाचा आवाज, 'घे, वाच'. ऑगस्टीननं प्रेषित पौलाची पत्रं उघडली, रोमकरांस पत्रातल्या तेराव्या अध्यायातली ओळ समोर आली आणि माणूस तिथल्या तिथे बदलला. "हे पान उघडणंच होतं की नाही?"

होतंच. पण पुढे एका पत्रात त्याच ऑगस्टीननं लिहून ठेवलंय की शुभवर्तमानाची पानं उघडून भविष्य बघणारी माणसं भुताखेतांना विचारायला धावण्यापेक्षा बरी, तरी संसारातल्या कामांसाठी देवाचं वचन असं वापरणं मला आवडत नाही. त्यानंतर सन 506 मध्ये आग्द इथल्या धर्मसभेनं तर ह्या प्रकाराविरुद्ध नियमच केला. म्हणजे आपल्या धाकट्याला जी हुक्की आली ती किमान पंधराशे वर्षं जुनी आहे, आणि तिला प्रेमानं आवरणारेही तेवढेच जुने. हे मी सांगितल्यावर धाकट्याचा चेहरा जरा खुलला. आपण एकटेच वेडे नाही हे कळण्यात मोठा दिलासा असतो.

मग खेचराची गोष्ट निघाली, आणि ती निघाली की कट्टा रंगतोच. संत इग्नेशियस लोयोला मूळचा शिपाईगडी. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला, अंथरुणावर पडून संतांची चरित्रं वाचली आणि बदलून गेला. बरा होऊन खेचरावरून निघाला असताना वाटेत एक मूर, म्हणजे मुसलमान, माणूस भेटला. दोघांत मरियेच्या कौमार्यावरून वाद झाला. तो माणूस पुढे निघून गेला आणि इथे इग्नेशियसचं डोकं तापलं. मरियेच्या सन्मानासाठी त्याला गाठून खंजीर चालवावा का? काही केल्या ठरेना. शेवटी त्यानं ठरवलं, फाट्यावर लगाम सैल सोडायचा. खेचर गावाच्या रस्त्यानं गेलं तर त्या माणसाला शोधायचं, हमरस्त्यानं गेलं तर सोडून द्यायचं. गाव जवळच होतं, रस्ताही रुंद आणि चांगला. खेचर गेलं हमरस्त्यानं. एक माणूस वाचला आणि एक संतही वाचला.

"बघा!" मास्तर टाळी देत म्हणाले. "देवानं खेचराकडूनही काम करून घेतलं."

"देवानं सांभाळून घेतलं, ते मान्य," वकील म्हणाला. "पण पुढे निर्णय कसा घ्यावा हे शिकवताना इग्नेशियसनं खेचर आणा असं कुठे सांगितलं? फायदे-तोटे देवासमोर मांडा म्हणाला. अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सल्ला द्याल, तो स्वतःला द्या म्हणाला. मरणाच्या घडीला आपण काय निवडलं असतं तर बरं वाटेल, ते बघा म्हणाला. आणि मन उदास, कोरडं पडलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नका म्हणाला."

हा शेवटचा नियम मला सोन्यासारखा वाटतो. रात्री उशिरा, दमलेल्या डोक्यानं, कुणाशी तरी बिनसलेलं असताना आपण आयुष्याचे केवढे मोठे निकाल लावून टाकतो! त्या वेळी झोपणं हीसुद्धा भक्तीच आहे. एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून मला मरण दे म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. खाऊ घातलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. पुढचं बोलणं त्यानंतर.

इतका वेळ ताई गप्प होती. ती परिचारिका आहे, रात्रपाळी करून आलेली. तिनं एकच प्रश्न विचारला.

"बायकोला विचारलंस?"

धाकटा गडबडला. म्हणाला, देवाकडून पक्कं कळल्यावरच घरी विषय काढणार होतो.

"म्हणजे देवानं तुझ्या घरात एक शहाणं माणूस दिलंय, जिला त्या शहरात राहायला जावं लागणार, तिला सोडून तू पानं उलटतोयस?" ताईचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "सल्ला देणारे पुष्कळ असले की बेत सिद्धीस जातात, हे नीतिसूत्रांत काय उगाच लिहिलंय?"

ह्यावर मास्तरांनीही मान डोलावली. पण ताईचं बोलणं संपलं नव्हतं, आणि त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं मला वाटलं ते तिनं त्यानंतर सांगितलेलं.

तिच्या वॉर्डात एक आजोबा आहेत. रात्रभर घंटी वाजवतात. गेलं की म्हणतात, उशी सरकलीय. उशी नीट करून परत यावं तर पुन्हा घंटी. आता दिवा डोळ्यांवर येतोय. त्यांना उशीही नको असते आणि दिवाही नको असतो, एकटं वाटत असतं. "घंटी वाजली की मी रेंगाळत जायचं की नेहमीसारखं जायचं, पडदा सरकवताना तोंडावर आठी ठेवायची की नाही, हे मला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. माझ्या दिवसातले खरे निर्णय हे एवढेसे असतात. त्यासाठी खूण मागायला वेळच नसतो. येशू त्या खाटेजवळ कसा गेला असता, एवढं मात्र मला माहीत असतं. तू ह्या शहरात राहा नाहीतर त्या शहरात जा, घंटी दोन्हीकडे वाजणारच आहे."

मला ब्रदर लॉरेन्स आठवला. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाकघरात राबणारा साधा माणूस. त्या कामाची त्याला मुळात नावड होती. तरी देवाच्या प्रीतीसाठी म्हणून ते करत राहिला, आणि भांड्यांच्या गोंगाटात त्याला देवाची सोबत प्रार्थनेच्या वेळेइतकीच जाणवू लागली. त्याच्या मनाजोगं काम मिळेपर्यंत देव थांबून राहिला नव्हता.

"पण चुकीचं निवडलं तर?" धाकट्यानं शेवटी मनातलं ओठावर आणलं. "देवाची माझ्यासाठी एक योजना असणार. मी चुकून दुसरीच वाट धरली तर सगळं आयुष्यच त्या योजनेबाहेर गेलं ना?"

ही भीती मी कितीतरी चांगल्या, भाविक माणसांत पाहिलीय, आणि ती पाहून मला दर वेळी वाईट वाटतं. असा देव शुभवर्तमानात भेटतच नाही. हरवलेल्या एका मेंढरामागे जाणारा मेंढपाळ तिथे आहे. तो मेंढरू फाट्यावर चुकलं म्हणून कळप घेऊन पुढे निघून जात नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला पहिली आज्ञा देतो तीसुद्धा परवानगीनं सुरू होते, बागेतल्या हव्या त्या झाडाचं फळ खुशाल खा. मनाई एकाच झाडाची. आज कुठल्या झाडाचं खाऊ, ह्याची खूण मागत आदाम बसला असता तर उपाशीच राहिला असता. आणि लग्नाहून मोठा निर्णय कुठला? विधवेनं पुन्हा लग्न करावं का, ह्यावर पौल करिंथकरांना लिहितो की तिला वाटेल त्याच्याशी करायला ती मोकळी आहे, फक्त ते प्रभूमध्ये असावं. तिला वाटेल त्याच्याशी!

"इतकं मोकळं सोडलं तर माणूस आपल्या मनाचंच करेल," मास्तर म्हणाले. त्यांचं हे म्हणणं मला उडवून लावता येत नाही. मोकळीक मिळाली की आपण सोयीचं तेवढं उचलतो. पण जिथे सोय आणि आज्ञा समोरासमोर येतात तिथे देवानं आधीच स्पष्ट सांगितलंय. खोटं बोलू का, म्हाताऱ्या आईबापांकडे पाठ फिरवू का, त्या माणसाला क्षमा करू का, ह्यासाठी लोकर अंथरायची नसते. तिथे उत्तर ठाऊक असतं आणि आपण खूण मागून वेळ काढत असतो. धाकट्याचा प्रश्न तसला नाही. दोन्ही नोकऱ्या प्रामाणिक, दोन्ही शहरांत मंडळी आहे, आईवडिलांची व्यवस्था लागलेली. दोन चांगल्यांतून एक घ्यायचं आहे, तर त्यानं ते आनंदानं घ्यावं.

"मग प्रार्थना कशाला करायची?" धाकट्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता.

ह्यावर मास्तर आणि वकील पहिल्यांदा एका बाजूला आले, आणि दोघांनाही एकच अध्याय आठवला, कृत्यांचा सोळावा. पौल आशिया प्रांतात वचन सांगायला निघाला, आत्म्यानं अडवलं. बिथुनियाकडे वळला, तिथेही जाऊ दिलं नाही. चालत चालत त्रोवसला पोहोचला तेव्हा कुठे रात्री दृष्टान्त झाला. एक मासेदोनियाचा माणूस विनवत होता, इकडे येऊन आम्हांला साहाय्य कर.

"बघ, दृष्टान्त होतातच," मास्तर म्हणाले.

"होतात, पण पौल घरी दृष्टान्ताची वाट बघत बसला नव्हता," वकील म्हणाला. "तो चालत होता, म्हणून अडवता आलं. आणि दृष्टान्तात दिसला पुरुष, पण मासेदोनियातल्या फिलिप्पैला नदीकाठी भेटल्या बायका. ऐकायला बसली ती जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया. माझा पुरुष कुठाय म्हणून पौल अडून बसला नाही."

"आणि एवढ्या स्पष्ट खुणेनंतर काय झालं?" ताई म्हणाली. "फटके बसले, तुरुंगात गेला, पाय खोड्यात अडकवले."

धाकटा चमकला. "खूण बरोबर असूनही?"

"खूण बरोबर होती म्हणूनच तिथे होता. मध्यरात्री तो आणि त्याचा सोबती सीला गाणी म्हणत होते. चिंता करू नका, सगळं प्रार्थनेनं देवाला कळवा, हे पुढे त्यानं लिहिलं तेही ह्याच गावच्या मंडळीला, आणि तेसुद्धा पुन्हा बेड्यांत असताना. पुढच्या वाटेचा नकाशा मिळेल असं त्यात लिहिलेलं नाही. देवाची शांती तुमची मनं राखील, असं लिहिलंय. प्रार्थना त्यासाठी करायची. बायकोबरोबर कर, पत्र समोर ठेवून."

धाकट्यानं तिथूनच घरी फोन लावला. पलीकडचं आम्हांला ऐकू आलं नाही, पण तो बराच वेळ नुसतं हूं हूं करत होता. मग म्हणाला, तिला सगळं आधीच माहीत होतं, पत्र तिनं टेबलावर पाहिलं होतं, आणि मी कधी बोलतोय याची ती वाट बघत होती. तो निघाला. वकिलानं मागून हाक मारून सांगितलं की मुदतीच्या आत उत्तर पाठव, हो असो वा नाही, समोरच्याला ताटकळत ठेवणंही बरं नव्हे.

मास्तर अजून सगळं मानायला तयार नाहीत. मथ्थियाची चिठ्ठी खुद्द प्रेषितांनी प्रार्थना करून टाकली होती, ती अशी सहज बाजूला सारता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ते नीट वाचून येणार आहेत. वकीलही येणार आहे.