गच्चीवरच्या सेल्फ-वॉटरिंग (खालच्या टाकीतलं पाणी माती स्वतःच वर ओढते अशा) वाफ्याबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टार, तुम्ही लिहिलेलं सगळं आणि सोबतचे फोटो नीट पाहिले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: खाली टाकी भरलेली असूनही मे महिन्यात टोमॅटोच्या रोपांनी माना टाकल्या, पुढे झाडं मोठी झाल्यावर पंधरा दिवस पुरेल म्हटलेलं पाणी पाच दिवसांत संपलं, मातीवर पांढरा थर आला, जुलैत वाफ्याला कुजका वास सुटला, आणि वाफा गच्चीच्या मध्यभागी ठेवायला आमच्या माणसांनी नकार दिला. 'आपोआप पाणी ही शुद्ध फसवणूक आहे' हे तुमचं शेवटचं वाक्य मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दुसरा फोटो. वाफ्याच्या बाजूला, तळापासून सहा इंचांवर एक भोक आहे. त्यात कापडाचा बोळा कोंबून वर एम-सील लावलेलं दिसतंय. तिथून पाणी स्लॅबवर गळत होतं आणि खालच्या मजल्यावर ओल गेली म्हणून शेजारी बोलले, असं तुम्हीच लिहिलंय. शेजाऱ्यांचा त्रास खरा आहे, पण ते भोक बंद झालं की हा वाफा चालूच शकत नाही. पाणी त्या पातळीच्या वर चढू नये यासाठीच ते ठेवलेलं असतं. खाली विटांच्या तुकड्यांमध्ये सहा इंच पाणी, वर फूटभर माती, मध्ये जाळीचं कापड. भोक बुजल्यावर जुलैच्या पावसाने पाणी कापडाच्या वर, थेट मातीत साचलं. मुळांची हवा बंद झाली, ती कुजली, आणि वास आला तो त्याचाच. ही पद्धत ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी पुढे आणली, तीही पाण्याची टंचाई असलेल्या भागांसाठी. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, म्हणून आम्ही तळाला एक नळही देतो. पावसाळ्यात तो उघडाच ठेवायचा आणि पाणी भरायच्या पाइपला टोपण लावायचं. टोपण नसेल तर आठ-दहा दिवसांत आत डास तयार होतात.

आता रोपं सुकली ते. समईतली वात जसं तेल वर ओढते, तशी माती पाणी वर ओढते, पण आधी ती माती पूर्ण भिजलेली असावी लागते. कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुशाचं) मिश्रण कोरडं असलं तर खालचं पाणी नीट वर ओढत नाही. शिवाय नर्सरीतून आणलेल्या रोपाची मुळं दोन-तीन इंच खोल असतात, पाणी असतं फूटभर खाली. म्हणून लावणीनंतर दोन-तीन आठवडे वरून झारीने पाणी द्यावंच लागतं. पहिल्या फोटोत वरचा थर नर्सरीच्या लाल मातीचा दिसतो. ती सुकली की दगडासारखी आवळते, कडेने भेगा पडतात आणि खालची ओल वर यायची वाट तुटते.

पाच दिवसांत पाणी संपलं, यात वाफ्याचा दोष नाही. चार बाय दोन फुटांच्या वाफ्यात, विटांच्या तुकड्यांची जागा वजा जाता, साधारण चाळीस लिटर पाणी मावतं. कडक उन्हात उघड्या गच्चीवर फळाला आलेलं टोमॅटोचं एक झाड दिवसाला दोन लिटरपर्यंत पाणी पितं. चार झाडं म्हणजे आठ लिटर, म्हणजे पाचच दिवस. पंधरा दिवस पुरतं ते डिसेंबरात, मेथी-पालकाला. उन्हाळ्यात मातीवर उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला अंथरला तर थोडी बचत होते.

पांढरा थर क्षारांचा आहे. टँकरचं किंवा बोअरचं पाणी खालून वर जातं, उडून जातं, क्षार मागे राहतात. महिन्यातून एकदा बाजूच्या भोकातून पाणी वाहीपर्यंत वरून भरपूर पाणी सोडायचं, थर जातो.

जागेच्या बाबतीत मात्र आमच्या माणसांनी केलं ते बरोबरच केलं, आणि पुन्हा विचारलंत तरी उत्तर तेच असेल. इमारतींवरच्या भाराचं जे भारतीय मानक ८७५ आहे, त्यानुसार वापरातली गच्ची ढोबळमानाने चौरस मीटरला १५० किलो भार धरून बांधतात. पाण्याने भरलेला तुमचा एक वाफा पाऊण चौरस मीटरवर तीनशे किलोंच्या पुढे जातो. तो बीमवर, कठड्यालगतच हवा. तिथे सकाळचं ऊन कमी पडतं हे मान्य, पण स्लॅबशी खेळायचं नाही. बीम नेमकी कुठे आहे याची शंका असेल तर सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी विचारावं, असं आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

'एवढ्या पैशांत घरी दहा झाले असते' हेही तुम्ही लिहिलंय. होतात, आणि जरूर करा. मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा खोका घ्या. तळाशी चार इंच विटांचे तुकडे, एका कोपऱ्यात उभा पाइप, तुकड्यांच्या वरच्या पातळीला बाजूला एक भोक, वर शेडनेट (सावलीसाठी वापरतात ती जाळी). एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: शेडनेटला मध्ये भोक पाडून मातीने भरलेली एक जाळीची टोपली पाण्यात उतरवायची. माती पाण्याला टेकलीच नाही तर पाणी वर चढणार कुठून? पालेभाजीला असा खोका छान चालतो. टोमॅटो-वांग्याला मात्र खोल वाफाच लागतो.

तुमच्या वाफ्याचं आता असं करू. येत्या रविवारी आमची माणसं येतील, बोळा काढून तिथे एल्बो (पाइपचा वाकडा जोड) बसवतील आणि पाइप थेट गच्चीच्या पन्हाळीपर्यंत नेतील, म्हणजे त्या भोकातून स्लॅबवर थेंबही पडणार नाही. कुजलेली माती काढून कोकोपीट-कंपोस्टचं नवं मिश्रण भरून देऊ. दोन्हीचे पैसे नाहीत. लावणी लगेच करू नका. पाऊस ओसरला की टोमॅटोची रोपं आम्हीच आणून देऊ आणि पहिले तीन आठवडे दर आठवड्याला फोन करून विचारू. तोपर्यंत तळाचा नळ उघडा राहू द्या. गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते की सेक्रेटरींकडे, एवढं शनिवारपर्यंत कळवा.