नळाच्या पाण्यातला अमोनिया ड्रममध्येच संपवावा

घरी फिशटँक असलेल्या आपल्या भागातील सर्वांना एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. नळाच्या पाण्यात अमोनिया असेल, तर त्याचा बंदोबस्त पाणी टाकीत ओतल्यानंतर करू नये. ओतण्यापूर्वीच करावा, आणि तो बाटलीतल्या औषधावर न सोपवता मुरलेल्या, म्हणजे अमोनिया खाणारे जीवाणू ज्यात स्थिरावले आहेत अशा, स्पंज फिल्टरकडून करून घ्यावा. ज्यांच्या नळाला रोज पाणी येते त्यांना हे जिकिरीचे वाटेल. परंतु अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतील ज्या गावांत कित्येक दिवसांच्या खंडाने पाणी येते आणि घरोघरी अंगणात ड्रम भरून ठेवलेले असतात, तिथे यासाठी लागणारे निम्मे सामान आधीच घरात असते.

पाण्यात अमोनिया येण्याच्या वाटा गावात उघड दिसतात. पावसाळा लागला की गोठ्यांचे आणि उकिरड्यांचे पाणी उघड्या विहिरीत उतरते. कपाशीला दिलेल्या युरियात ४६ टक्के नत्र असते, त्याचे मातीत अमोनियम होते, आणि खत टाकल्यावर लगेच जोराचा पाऊस झाला तर त्यातला काही भाग नाल्याला लागतो. उन्हाळ्यात तलावाच्या तळाशी प्राणवायू संपला की गाळातून अमोनिया पाण्यात सुटतो. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मात्र पाइपलाइनची. पाणी बंद असते त्या दिवसांत पाइप रिकामा राहतो, आणि नालीच्या बाजूने गेलेल्या पाइपाचा जोड गळका असेल तर बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते. पुढच्या पाळीला पहिले पाणी येते त्यात ते मिसळलेले असते.

आता माशांच्या दृष्टीने पाहू. अमोनिया तपासण्याचा संच जो आकडा दाखवतो तो एकूण अमोनियाचा असतो. त्यात दोन रूपे एकत्र असतात : अमोनियम, ज्याचा माशांना फारसा उपद्रव नाही, आणि मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांवाटे शरीरात शिरतो आणि विषारी आहे. कोणते रूप किती, हे पाण्याचा पीएच आणि तापमान ठरवतात. पाणी २५ अंश सेल्सिअस आणि पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी साधारण ०.६ टक्के भाग मुक्त असतो. तेच पाणी ३२ अंश आणि पीएच ८ असेल तर हा भाग ८ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे संचावर आकडा तोच, आणि विष सुमारे पंधरा पट. आपल्याकडचे काळ्या पाषाणातून आलेले पाणी जड आणि बायकार्बोनेटयुक्त असते, त्याचा पीएच सहसा ७ च्या वरच राहतो, आणि मे महिन्यात घरातल्या टाकीचे पाणी ३२ अंशांवर जाणे ही नित्याची गोष्ट आहे. म्हणून थंड आणि मऊ पाण्याच्या प्रदेशातील अनुभवावर बेतलेला ‘थोडासा अमोनिया चालतो’ हा सल्ला आपण जसाच्या तसा घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

एक हिशेब मांडून दाखवतो. समजा नळाच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅम एकूण अमोनिया आहे आणि टाकीत अजिबात नाही. एक पंचमांश पाणी बदलले तर टाकीत ०.२ मिलिग्रॅम येईल; पीएच ८ आणि ३२ अंशांना त्यातला मुक्त भाग सुमारे ०.०१७ होईल. दीर्घकाळासाठी मुक्त अमोनियाची ०.०२ ही मर्यादा सामान्यतः सांगितली जाते, तेव्हा हे पाणी मासे कसेबसे सोसतील. पण ‘पाणी खराब दिसते, अर्धे बदलून टाकू’ असे म्हणून कोणी अर्धी टाकी रिकामी केली, तर मुक्त अमोनिया ०.०४ च्या वर जातो, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून अधिक. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड मारू लागतात, कल्ले लालभडक होतात, आणि घरचे लोक म्हणतात की ऊन लागले. उन्हाचा यात वाटा आहेच. परंतु विष बादलीतून आले, हे कोणाच्या लक्षात येत नाही. शेवाळ किंवा वनस्पती भरपूर असलेल्या टाकीत दुपारी पीएच आणखी चढतो, म्हणून पाणी बदलायचे ते सकाळी लवकर बदलावे.

‘पाणी रात्रभर उघडे ठेवा, म्हणजे झाले’ हा सल्ला जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळतो, आणि नेमका इथे तो फसतो. पाण्यात नुसता क्लोरीन असेल तर तो हळूहळू उडून जातो, हे खरे. पण ज्या पाण्यात आधीच अमोनिया आहे त्यात टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करण्याची ब्लीचिंग पावडर) पडली की क्लोरीन आणि अमोनिया एकत्र येऊन क्लोरामिन तयार होते, आणि ते रात्रभरात उडून जात नाही. अमोनियाही पीएच ८ च्या पाण्यातून एका रात्रीत निघून जाईल इतका उतावळा नसतो. यावर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, घातले तर क्लोरामिनमधला क्लोरीन निष्प्रभ होतो आणि बांधलेला अमोनिया मोकळा होतो. त्यामुळे ‘अँटी-क्लोरीन टाकले तरी मासे मेले’ या तक्रारीत औषध नकली असेलच असे नाही. औषधाने आपले काम केलेले असते, उरलेले काम कोणी केलेले नसते. अमोनिया बांधून ठेवणारी महागडी द्रावणे बाजारात आहेत आणि अडचणीच्या वेळी ती जवळ असावीत, परंतु त्यांचा परिणाम एक-दोन दिवसांपुरता असतो, आणि शेवटी तो अमोनिया जीवाणूंनाच खावा लागतो.

म्हणून ड्रम. माझी पद्धत अशी आहे की टाकीत एकाऐवजी दोन स्पंज फिल्टर कायम चालू ठेवावेत. स्पंज नवा असेल तर अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू त्यात स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. एकदा ते स्थिरावले की हा स्पंज हीच आपली खरी पुंजी असते. नळाला पाणी आले की माशांसाठी राखलेला वेगळा ड्रम भरून घ्यावा, ज्यात धुण्याचे किंवा फवारणीचे काही कधीच ठेवलेले नसेल. एक मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम हायपो लागते. म्हणजे १०० लिटर पाण्यात दर लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन धरला, तर सुमारे दीड ग्रॅम हायपो पुरते. ते विरघळवून, ढवळून, पाव तास थांबावे, आणि मगच टाकीतला एक मुरलेला स्पंज उचलून एअर पंपासह ड्रममध्ये सोडावा. क्लोरीन गेल्याची खात्री होण्यापूर्वी स्पंज सोडला तर जीवाणू मरतात आणि सगळी मेहनत वाया जाते. याच कारणाने स्पंज धुवायचा झाल्यास नळाखाली धरू नये. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा.

त्यानंतर रोज तपासावे, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले की ते पाणी टाकीसाठी तयार झाले. स्पंज लगेच परत टाकीत न्यावा, कारण रिकाम्या पोटी जीवाणू फार दिवस जोमदार राहत नाहीत. हवा मात्र अखंड हवी. एक मिलिग्रॅम अमोनियाजन्य नत्राचे नायट्रेट होण्यासाठी साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो, आणि ३२ अंशांच्या पाण्यात दर लिटरला मुळात सात मिलिग्रॅमच्या थोडा वरच प्राणवायू मावतो. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवावा. ड्रम सावलीत असावा आणि त्यावर कापड बांधलेले असावे, नाहीतर माशांच्या निमित्ताने आपण डेंग्यूचे डास पाळू.

पाण्यातले जे बायकार्बोनेट पीएच चढा ठेवून माशांना त्रास देते, तेच या जीवाणूंना मदत करते, कारण अमोनियाचे रूपांतर होताना क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद, खर्ची पडते आणि आपल्या पाण्यात ती मुबलक आहे. म्हणून नुसते आरओचे पाणी वापरण्याचा मार्ग मला पसंत नाही. त्यात क्षारता जवळजवळ नसते आणि फिल्टरचे काम मंदावते. नळाच्या पाण्यात काही भाग आरओ मिसळायला हरकत नाही. झिओलाइटचे खडे अमोनियम शोषतात हे खरे, पण पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी त्यावर पैसे घालवू नयेत. मिठाच्या पाण्यात घालूनच हे खडे पुन्हा वापरण्याजोगे करतात. पाणीच खारे असेल तर ते अमोनियम पुरेसे धरून ठेवत नाहीत.

शेवटचा मुद्दा माशांपुरता नाही, पण तो या संचातूनच पुढे येतो. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात अमोनिया ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा आणि मुक्त उर्वरित क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. पाण्यात अमोनिया असेल तर टाकलेला क्लोरीन आधी क्लोरामिनमध्ये अडकतो, आणि क्लोरामिन जंतू मारण्यात क्लोरीनपेक्षा पुष्कळ दुबळे असते. ओटी (ऑर्थोटोलिडीन) या क्लोरीन तपासण्याच्या चाचणीत मुक्त क्लोरीनचा पिवळा रंग तत्काळ येतो, क्लोरामिनचा रेंगाळत येतो. काही मिनिटांनी पाहणाऱ्याला मात्र दोन्ही सारखेच पिवळे दिसतात. तेव्हा ज्याच्या घरी अमोनियाचा संच आहे त्याने नळ सुटल्यावर पहिल्या धारेचे आणि अर्ध्या तासाने आलेले, असे दोन नमुने तपासावेत. पहिल्यात अमोनिया आणि दुसऱ्यात नाही, असे आढळले तर गळका जोड शोधण्याची गरज आहे, आणि ही गोष्ट जलसुरक्षकाला, म्हणजे गावाच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाला, त्याच दिवशी सांगावी. घरच्या संचाचा आकडा कागदोपत्री चालत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीमार्फत नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी करावी, आणि तो नमुना ड्रममधून न घेता थेट नळाच्या तोटीतून घ्यावा.