एकटाच खेळून राह्यलो ना मी, मग तुमचा सर्वर कशाला पायजे?

डायब्लो ४ या कॉम्प्युटर गेममधला माझा गडी, म्हणजे मी चालवतो तो लढवय्या, राक्षसाने मारला असता तर मी एक शब्द बोललो नसतो, देवाशपथ. तीन आठवडे घातले होते त्याच्यावर, हार्डकोअर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हार्डकोअर म्हणजे एकदा मेला की संपला, परत उठवणं नाही, अंगावरचं सामान पण गेलं. ते कबूल करूनच खेळतो आपण, मजाच ती आहे, बॉस म्हणजे मोठा राक्षस समोर आला की माऊसवरच्या हाताला घाम फुटतो. पण माझा गडी मारला केळीच्या ट्रकने.

हो, केळीच्याच ट्रकने. आमच्या यावल तालुक्यात या, दाखवतो. फायबरची वायर या खांबावरून त्या खांबावर, रस्ता ओलांडून, धोतर वाळत घातल्यासारखी लोंबकळते आणि कापणी सुरू झाली की तिच्याखालून दिवसरात्र केळीचे ट्रक. परवा संध्याकाळी एकाने घड जरा जास्तच उंच रचले असतील, वायर अडकली, ताणली, तुटली, ड्रायव्हरला पत्ता पण नाही, तो गेला निघून. मला तरी कुठे माहीत, मी आपला हेडफोन घालून सहा-सात जणांच्या घोळक्यात कुऱ्हाड फिरवत घुसलो आणि सगळे एकदम जागच्या जागी पाय मारायला लागले. ज्यांनी हे भोगलंय त्यांना सांगायला नको. राक्षस हवेत चालतात, लाईफचा गोळा भरलेलाच दिसतो, औषधाचं बटन दाबा नाहीतर टेबलावर डोकं आपटा, काही होत नाही. राउटरकडे बघितलं तर ती एलओएस लिहिलेली बारकी लाईट लाल, टिमटिम टिमटिम, म्हणजे वायरीतला सिग्नलच गेला. पोटात गोळाच आला. मोबाईलचा हॉटस्पॉट लावला, पासवर्ड घाईत दोनदा चुकला, परत लॉगिन केलं, पन्नास एक सेकंद गेले असतील. आत गेलो तर नाव राखाडी, म्हणजे मेलेला. माझं नेट गेलं तरी सर्वरवरचे राक्षस मारतच होते.

मी असा ओरडलो की आजी ओट्यावरून आत पळत आली. "काय व्हयनं रे भाऊ? कोन मरी गया?" म्हटलं माझा माणूस मेला आजी. बिचारी खरंच घाबरली. मग स्क्रीन दाखवली तर म्हणे, "हाई? जेवाले चाल, भरीत थंडं व्हई राहिनं."

आजीचा राग नाही. राग त्याच्या पुढचा आहे.

रात्री ग्रुपवर टाकलं, असं असं झालं, एकट्याने खेळायच्या गेमला चोवीस तास नेटची दोरी कशाला बांधता. झालं, सगळे तुटून पडले. पुण्याचा आतेभाऊ, हिंजवडीत बसतो, घरात दोन-दोन कंपन्यांचं नेट, एक बंद पडलं की दुसरं आपोआप चालू, तो मला म्हणतो, "नेट बदल ना मग." अरे बाबा काय बदलू? गावात एकच वायरवाला. दुसरा आला तरी त्याची वायर पण त्याच खांबावरून, त्याच ट्रकच्या खालून... वरून... जे असेल ते. लाईटचा बंदोबस्त मी कधीच केलाय, भुसावळजवळ दीपनगरला एवढं वीज केंद्र, त्याच्या चिमण्या येता-जाता बघतो आम्ही, तरी मे महिन्यात ४५ अंशात दुपारी लाईट जाते ती जातेच, म्हणून इन्व्हर्टर घेतला, राउटर त्याच्यावर टाकला, गोलाणी मार्केटातून ग्राफिक कार्ड आणलं ते हप्त्यावर. आता केळीच्या ट्रकसाठी पण इन्व्हर्टर मिळतो का, ते सांगा.

दुसरा म्हणतो, आजच्या काळात नेट नसतं असं असतं का कुठे. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा काढलं ना त्याला एक आठवडा आमच्या शेतातल्या खोलीवर ठेवा. टॉवरची एक काडी येते, ती पण खाट कुठे टाकली त्याच्यावर.

तिसरा शहाणा, "ते एमएमओ आहे रे, तुला कळत नाही." म्हणजे हजारो लोकांनी एकत्र ऑनलाईन खेळायचा गेम. कसलं एमएमओ भो? गावात चार लोक घोड्यावरून आजूबाजूने जातात, मी त्यांच्याशी बोलत नाही, ते माझ्याशी बोलत नाहीत, मी आयुष्यात कोणाबरोबर टोळी करून खेळलो नाही, ट्रेड केला नाही. लग्नाच्या पंगतीत बसलो म्हणजे सगळा गाव माझा पाहुणा झाला का?

आणि मग तो ठरलेला डायलॉग, ऑफलाईन दिलं तर लोक चीटिंग करतील. करू देत ना! मी माझ्या घरात, दार लावून, एकटा पत्त्यांचा पेशन्स खेळतोय आणि पत्ता बदलला, तर तुझ्या घरातले कोणते पैसे गेले? हां, जिथे बाजार आहे, एकमेकांना वस्तू विकायच्या आहेत, सीझनच्या यादीत नंबर लावायचाय, तिथे सगळं सर्वरवर पाहिजे, हे मला पण कळतं. वस्तू माझ्या कॉम्प्युटरवर बनली तर कोणीही एकाच्या दहा करील, म्हणून ती तिकडे सर्वरवर बनते, राक्षस पण तिकडेच, आपल्याकडे नुसतं चित्र येतं. हे मला समजावून सांगायची गरज नाहीये, मी २००६ पासून हेच खेळतोय. जळगावच्या एका कॅफेत पंधरा रुपये तास देऊन डायब्लो २ खेळलोय, चार पोरं चार मशीनवर, मधे नुसती लॅनची वायर, नेट तर कॅफेवाला मेल बघायलाच चालू करायचा.

आणि त्या डायब्लो २ मध्येच तर उत्तर होतं ना. २०००चा गेम. एकट्याचा गडी वेगळा, तो तुझ्या हार्डडिस्कवर, त्याला हवं ते कर. बॅटलनेटवर, म्हणजे कंपनीच्या ऑनलाईन सर्वरवर, पण दोन खाती, ओपनमध्ये घरचा गडी न्यायचा, तिथे सगळे चोर चोर मौसेरे भाऊ, आणि क्लोज्डमध्ये सर्वरवर बनवलेला गडी, तिथे घरचं काही चालत नाही. संपला विषय. पंचवीस वर्षांपूर्वी सुटलेलं गणित आहे हे, आणि आजची पोरं मला सांगतात की टेक्निकली शक्य नाही.

शक्य नाही म्हणे. डायब्लो ३ आला १५ मे २०१२ला, पहिल्या २४ तासांत ३५ लाख कॉप्या खपल्या आणि त्या ३५ लाखांपैकी कितीतरी लोक एरर ३७ बघत बसले, सर्वर बिझी, नंतर या. एकट्याला खेळायचंय तरी नंतर या. तेव्हा हेच सगळे वकील सांगत होते, अरे तो खऱ्या पैशाचा लिलाव आहे ना आत, ऑक्शन हाऊस, त्याच्यासाठी ऑनलाईन लागतंच. बरं, मान्य. मार्च २०१४ला तो लिलाव कंपनीने स्वतःच बंद केला. मग पीसीवरची ऑनलाईनची अट गेली का? नाही गेली. नवरदेव पळाला तरी मांडव तसाच. आणि त्याच्याही आधी, सप्टेंबर २०१३ला तोच गेम प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला, आणि तिथे? ऑफलाईन! तेच राक्षस, तोच डायब्लो, नेटची वायर कापून टाका, चालतो. म्हणजे शक्य होतं, फक्त आम्हाला द्यायचं नव्हतं. हे मी ग्रुपवर टाकलं तर आतेभावाने काय पाठवलं, अंगठा. नुसता अंगठा.

त्याच २०१२मध्ये याच जातीचा टॉर्चलाईट २ आला होता, २० डॉलरचा, ऑफलाईन पण, लॅन पण. ग्रिम डॉन २०१६चा, छोट्या टीमने केलेला, आजपण माझ्या कॉम्प्युटरवर नेटशिवाय चालतो. लास्ट इपॉकवाल्यांनी फेब्रुवारी २०२४ला १.०, म्हणजे पूर्ण आवृत्ती, काढताना सरळ सांगितलं, ऑफलाईन गडी वेगळा, तो कधीच ऑनलाईन जाणार नाही, हवा तर घे. आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात त्यांचे सर्वर गर्दीने आडवे पडले, ऑनलाईनवाले रांगेत बसले आणि ऑफलाईनवाले आरामात भुतं मारत होते.

याच्यावर डायब्लो ४, २०२३ला आला तेव्हा पीसीवर ७० डॉलरपासून पुढे, आता तर कन्सोलवर पण ऑनलाईनच. म्हणजे २०१३ला कन्सोलवाल्यांना जे दिलं होतं ते पण काढून घेतलं. आणि पॉज नाही. हे मला सगळ्यात जास्त झोंबतं, पॉज नाही! एकटा खेळतोय मी, खाली गॅसवर दूध ठेवलंय, आईने हाक मारली, तर राक्षसाला सांगू का थांब रे पाच मिनिटं, दूध उतू जातंय? आईला सांगतो "आलो", ती म्हणते तू पाव तासापासून आलोच म्हणून राहिला. पाथ ऑफ एक्झाइल २ पण ऑनलाईनच आहे, पण त्यांनी एकट्यासाठी पॉज दिला ना. देता येतो. द्यायचं मन पाहिजे.

पाथ ऑफ एक्झाइलबद्दल मी जास्त बोलणार नाही, ते न्यूझीलंडवाले पहिल्या दिवसापासून सांगतात की आमचं ऑनलाईनच आहे, आणि पहिला भाग फुकट आहे, फुकटच्या जेवणात मीठ कमी म्हणायला आपण कोण. जुन्या लोकांना आठवत असेल, सुरुवातीला त्याच्यात तुम्ही स्क्रीनवर एकीकडे आणि सर्वरच्या हिशोबाने भलतीकडेच, भिंतीमागून कोणी मारून जायचं. लोक चॅटमध्ये स्लॅश ओओएस टाईप करायचे, गडी धाडकन खऱ्या जागी यायचा. काहींनी तर ते एका बटनावर बसवलं होतं, श्वास घेतल्यासारखं दाबत राहायचं. २०१५ला लॉकस्टेप आणलं, म्हणजे सर्वरने हो म्हटल्यावरच गडी हलणार, तेव्हा सुटलं ते, पण लॉकस्टेपला नेट चांगलं पाहिजे, नाहीतर पाऊल टाकलं की अडखळलं, पाऊल टाकलं की अडखळलं. आमच्याकडे कोणतं नेट येतं ते वर सांगितलंय.

बरं ट्रक सोडा, वायर सोडा. उद्या कंपनीलाच कंटाळा आला तर? मार्व्हल हिरोज आठवतो का कोणाला? ज्या माणसाने मूळ डायब्लो बनवायला हात लावला, डेव्हिड ब्रेव्हिक, त्याच्याच देखरेखीखाली बनलेला, २०१३चा, अगदी याच जातीचा गेम, ऑनलाईनच. लोकांनी त्याच्यात हिरो विकत घेतले, कपडे विकत घेतले, खरे पैसे टाकले. नोव्हेंबर २०१७ला सर्वर बंद. काय उरलं हातात? डेस्कटॉपवरचा आयकॉन. आणि त्याच्याआधीचा हेलगेट लंडन, २००७चा, त्याचे पण ऑनलाईन सर्वर २००९ला गेले, पण त्याच्यात एकट्याने खेळायचं वेगळं होतं म्हणून ज्याच्याकडे सीडी होती तो खेळत राहिला. एवढाच फरक. गाड्यांच्या शर्यतीचा द क्रू नावाचा गेम ३१ मार्च २०२४ला बंद केला तेव्हा रॉस स्कॉट नावाच्या माणसाने स्टॉप किलिंग गेम्स म्हणून चळवळ काढली, युरोपात त्या अर्जावर जुलै २०२५मध्ये १० लाखांच्या वर सह्या झाल्या. त्यांची मागणी काय, सर्वर जन्मभर चालवा अशी नाही, बंद करताना गेम चालेल असा सोडून जा, एवढीच. तरी आमच्या ग्रुपवर एक जण म्हणतो, "कंपनीला किती खर्च येईल विचार केला का?" अरे तू कोण, त्यांचा जावई आहेस का? तू पण पैसे देऊनच घेतलास ना, तो पण दिवाळीच्या सेलमध्ये, माझ्याकडून पाचशे उसने घेऊन. ते अजून दिले नाहीत, हे इथे नोंदवून ठेवतो.

आणि शेवटी सगळ्यांचं ब्रह्मास्त्र, "मग हार्डकोअर खेळतो कशाला?" का नाही खेळणार? मरण्याची भीती पाहिजे म्हणूनच खेळतो. पण ती माझ्या चुकीची भीती पाहिजे. मी लोभाने पुढे गेलो, औषध उशिरा प्यायलो, मेलो, बरोबर, माझं चुकलं. याच्यात माझं काय चुकलं? केळीची कापणी कधी आहे बघून बॉस मारायला जाऊ का? तालुक्यात भाव चांगला असला की तीन दिवस लॉगिन करायचं नाही, असं?

सपोर्टला लिहिलं, तर दोन मिनिटांत उत्तर, हार्डकोअर गडी कोणत्याही कारणाने मेला तरी परत मिळत नाही, आपल्या समजूतदारपणाबद्दल धन्यवाद. मी कुठे समजूतदारपणा दाखवला होता? मी तर कॅपिटलमध्ये लिहिलं होतं.

वायरवाल्याला सकाळपासून चार फोन झाले. पहिल्यांदा म्हणाला, "साहेब जोडणीचं मशीन चोपड्याला गेलंय." नंतर म्हणाला माणूस जेवायला गेला. आता म्हणतो उद्या सकाळी नक्की. हे सगळं मोबाईलवर टाइप केलंय, आजच्या दीड जीबीतला थोडासाच उरलाय. मागे ग्रिम डॉन चालू आहे, नवीन गडी, लेव्हल १२, पॉज करून ठेवलाय आणि आजी परत जेवायला बोलावून राहिली.