चाकां इंजिन चलवतत

आमच्या गाडीचं ॲव्हरेज पडलं होतं. लिटरला सोळा द्यायची ती बारावर आली, आणि आमच्या सिंधुदुर्गात पेट्रोल शंभरी ओलांडून कधीच पुढे गेलंय, त्यामुळे घरात कुणी आजारी पडलं असतं तर झाली नसती एवढी चर्चा या विषयावर झाली. शेवटी मालवणला मेहुण्याचा साखरपुडा होता त्याच्या आदल्या दिवशी गाडी कुडाळात मेस्त्रीकडे नेली. मागचं एक चाक धरत होतं. आमच्याकडे खाऱ्या हवेत गाडी हँडब्रेक ओढून पावसापाण्यात उभी राहिली की ब्रेक ड्रमच्या आत गंज धरतो, मग ब्रेक सोडला तरी सुटत नाही आणि इंजिन बिचारं अर्धवट लागलेला ब्रेक ओढत फिरतं. मेस्त्रीने ते मोकळं केलं. मग एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदराने संसार थाटलेला. नारळाचा काथ्या, काजूबियांची टरफलं आणि कुठल्यातरी लग्नपत्रिकेचा कोपरा, त्यावर 'कृपया आहेर आणू नये' एवढंच शिल्लक राहिलेलं. मला वाटलं, सापडला चोर! तर मेस्त्री म्हणे, हल्लीच्या गाडीत फिल्टर चोंदला की पिकअप मरतो, ॲव्हरेजवर फारसा फरक पडत नाही, तो कार्बोरेटरच्या जमान्यात पडायचा. हवा मात्र पंपावर भरा म्हणाला, त्याचा कॉम्प्रेसर बिघडलेला. म्हणून दुसऱ्या दिवशी साखरपुड्याला निघताना पंपावर थांबलो.

आता पंपावरच्या हवेबद्दल बोलायचं तर वेगळा लेख होईल. 'मोफत हवा' हा बोर्ड मी लहानपणापासून वाचतोय, हवा क्वचितच बघितलीय. पोरगा असेल तर मशीन बंद, मशीन चालू असेल तर पोरगा जेवायला गेलेला, आणि योगायोगाने दोघं एकत्र सापडले तर तो गाडी न बघताच विचारणार, "पस्तीस मारू?" अरे, ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर असतो, कंपनीने छापलेला, पुढे किती, मागे किती, माणसं भरून असतील तर किती. माझ्या गाडीला बत्तीस. निघाली चोवीस. चारही टायरात एकेक पौंड हवा कमी झाली की ॲव्हरेज जेमतेम ०.२ टक्के खाली येतं म्हणतात, ऐकायला किरकोळ वाटतं, पण आठ पौंडांचा हिशोब केला की दीडेक टक्का होतो आणि टायर कडेने झिजतात ते वेगळंच.

हे सगळं मी त्या पोराला समजावून सांगत होतो आणि तिथेच माझं चुकलं म्हणा किंवा नशीब म्हणा, शेजारी पेंडीच्या पोत्यावर एक तात्या बसले होते. पांढरा शर्ट, खाकी पँट, खिशाला दोन पेनं. रिटायर झालेला एसटी ड्रायव्हर रिटायर झाल्यावरही ओळखू येतो, तो उभ्या गाडीच्याही आधी आरशात बघतो.

"किती देता रे?"

"बारा देत होती, आता बघू."

"बारा?" तात्या उठले. "माझो केपीटीएल म्हायत आसा तुका? डेपोत पयलो नंबर. बोर्डार नाव लावलेला माझा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एसटीत ॲव्हरेज लिटरला मोजत नाहीत, दहा लिटरला मोजतात, त्याला केपीटीएल म्हणतात. मोठी एसटी लिटरला चार-साडेचार जाते. मी मनातल्या मनात गणित केलं आणि मोठ्या नम्रतेने म्हणालो, "तात्या, मग माझा एकशेवीस झाला की."

"तुझ्या गाडयेत माणसां किती?"

"मी एकटाच."

"माझ्या गाडयेत पंचावन्न. आता हिशोब कर."

मी हिशोब केला आणि गप्प बसलो. तेवढ्यात तात्यांनी डिकी उघडली होती. वाटेतल्या चौके गावाला सोड म्हणाले, विचारलं नाही, सांगितलं. आधी माझी डिकी तपासली. पाण्याचे दोन कॅन, मुलाची बॅट, जुनी बॅटरी, आईने मालवणला पोचवायला दिलेली नारळांची पिशवी. "वजनान ॲव्हरेज जाता, मेल्या. ह्यां सगळा खाली काढ." बॅटरी पंपावरच्या पोराच्या ताब्यात गेली. नारळ मी वाचवले. मग त्याच डिकीत तात्यांनी आणि त्या पोराने मिळून पन्नास किलोचं पेंडीचं पोतं चढवलं. मी म्हटलं, तात्या, हे वजन नाही?

"ह्यां वजन न्हय. ही पेंड."

कुडाळ सोडलं आणि एसीवर हात आला. "वारो इकत कित्याक घेतंस?" मे महिना, दुपारचे साडेबारा, अंगात साखरपुड्याचा सिल्कचा कुर्ता. आता तांत्रिकदृष्ट्या तात्या बरोबर होते हेच तर जिवावर येतं. चाळीस-पन्नासच्या स्पीडला खिडकी उघडी ठेवून एसी बंद केला तर पेट्रोल वाचतं, ऐंशीच्या पुढे उघड्या खिडकीत वारा गाडीला मागे ओढतो आणि मग एसी परवडतो. पण नेरूरपारच्या रस्त्याला ऐंशी कोण मारणार? नेरूरपारचा पूल येईपर्यंत कुर्ता पाठीला चिकटला. पूल ओलांडल्यावर क्लचवर आले. "पाय कित्याक ठेवलंस थंय? पाळणो आसा काय तो?" मग ब्रेक. "पुढची गाडी दिसता मां तुका? मगे आधीच पाय काढूचो." हेही बरोबर. लांबूनच ॲक्सिलेटर सोडावा, ब्रेक कमी लागतो, जेवढा ब्रेक लागतो तेवढं पेट्रोल जळून वाया गेलेलं असतं. माणूस चुकीचा असता तर मी भांडलो असतो, बरोबर असलेल्या माणसाशी भांडायला फार ताकद लागते आणि माझी सगळी घामात गेली होती.

आणि मग धामापूरच्या अलीकडचा उतार आला.

"न्यूट्रल कर."

"नको तात्या."

"अरे उतार इलो. उतारार देव गाडी ढकलता, पेट्रोल कित्याक जाळूचा?" आणि त्यांचा हात गियरकडे. मी मनगट धरलं. एका हाताने स्टिअरिंग, एका हाताने तात्या, समोरून डंपर.

डंपर गेल्यावर मी समजवायला घेतलं. म्हटलं, तात्या, ते कार्बोरेटरवाल्या गाड्यांचं झालं, ते दिवस गेले. आताच्या गाड्यांना फ्युएल इंजेक्शन असतं, म्हणजे पेट्रोल कॉम्प्युटर मोजून सोडतो. उतारावर गाडी गियरमध्ये ठेवून पाय काढला की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो. न्यूट्रल केली तर उलट इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं जळतच राहतं.

तात्यांनी डॅशबोर्डकडे बघितलं. "कॉम्प्युटर खंय आसा?"

"आत आहे."

"दाखव."

"आत्ता कसा दाखवू?"

"बरां. पेट्रोल बंद झाला तर इंजिन चलता कसा?"

"चाकं फिरवतात त्याला. गाडी उताराने चाललेली असते ना, चाकं गियरमधून इंजिनाला फिरवतात."

बराच वेळ शांतता. मला वाटलं, पटलं बहुतेक. मी उत्साहाने पुढे सांगत सुटलो, की म्हणून गियरमध्ये इंजिन ब्रेकिंग मिळतं, न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, तापले की धरत नाहीत, आणि चावी बंद केली तर विचारूच नका, ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, पॉवर स्टिअरिंग दगड होतं. तात्या काही बोलले नाहीत. खिडकीतून बाहेर तळ्याकडे बघत होते.

चौके आलं. पेंडीचं पोतं मी उतरवलं, कुर्त्यावर पेंड. चहाच्या टपरीवर सात-आठ मंडळी बसलेली. तात्या टपरीसमोर उभे राहिले, माझ्याकडे बोट दाखवलं आणि आपल्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख मिळाल्यासारखं ओरडले, "आयकलास काय रे? हेच्या गाडयेत चाकां इंजिन चलवतत!"

टपरी हसली. एक जण तर बाकड्यावरून घसरला. मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, फ्युएल कट-ऑफ वगैरे, पण कपाळावरून घाम ओघळत असताना आणि छातीवर पेंड असताना फ्युएल कट-ऑफ हा शब्द वजनदार वाटत नाही.

मालवणला पोचलो तर सासूबाई म्हणाल्या, "चालत आलात?" आणि टपरीवर बाकड्यावरून घसरलेले गृहस्थ तिथे हजर, ते निघाले मुलीचे मामा. माझ्या आधी पोचले होते. पंगतीत शेजारी बसले आणि सोलकढीची वाटी पुढे सरकवत फार आपुलकीने विचारलं, "मग पेट्रोल कशाला भरता हो?"

मला राग याचा येतो की गाडीच्या ॲव्हरेजबद्दल आपल्याकडे सगळ्यांना सगळं कळतं आणि सगळं गाडीवाल्यालाच ऐकवलं जातं. कंपनी कागदावर जो आकडा देते तो प्रयोगशाळेत रोलरवर गाडी पळवून काढलेला, तिथे ना चढ, ना खड्डा, ना रस्त्यात बसलेली म्हैस. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, पंपावरचा भाव मात्र अख्ख्या लिटरचा. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, गणपतीला मुंबईहून येणारा माणूस डायव्हर्जनला पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये तासन्‌तास रांगतो, एका जागी इंजिन चालू ठेवून बसतो, त्या पेट्रोलचा हिशोब कोण देणार? ते कोणी विचारत नाही. क्लचवर पाय का ठेवलास, हे विचारतात.

टाकी फुल्ल टू टाकी फुल्ल मोजली, गाडी पुन्हा सोळाला आली. चाक मोकळं झालं म्हणून, हवा बत्तीस केली म्हणून. बायकोने माहेरी फोन करून सांगितलं की चौक्याच्या तात्यांनी ॲव्हरेज आणून दिलं. आता सासरी तात्यांचा शब्द म्हणजे शब्द. परवा मेहुणा मुलीकडच्यांना घेऊन आंबोलीला गेला आणि परत येताना अख्खा घाट न्यूट्रलला उतरला, मामांच्या सांगण्यावरून. दाणोलीला गाडी थांबवून मला फोन.

"भावोजी, ब्रेक खालपर्यंत जातोय आणि चाकातून जळका वास येतोय. तुमच्या गाडीला येतो काय हो असा?"

मागून मामांचा आवाज आला, "त्यांना काय विचारतोस, त्यांच्या गाडीचं वेगळं आहे."