माळ्यावर जागा आहे ना?

दिवाळी तोंडावर आली की घरात दोन प्रश्न उभे राहतात. यंदा तरी चकलीला काटे येतील का, आणि कुणाला काय द्यायचं? पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं आहे आणि ते अगदी सोपं आहे. ज्या वस्तूची गरज आजवर कुणालाच पडलेली नाही, ती द्या.

हसू नका. उपयोगी वस्तू दिली की लोक ती वापरतात. वापरली की ती झिजते, आणि तिच्याबरोबर देणाऱ्याची आठवणही झिजते. स्टीलचा डबा कुणी दिला हे कुणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून तर आपल्याकडे त्याच्यावर नाव कोरून द्यायची पद्धत पडली. पण टाळी वाजवली की पीं-पीं करणारी किल्ल्यांची साखळी कुणी दिली, हे घरातलं शेंबडं पोरही सांगेल, आणि दहा वर्षांनीही सांगेल. कोरणावळ वाचते ती वेगळीच.

इंदूरकरांना यासाठी लांब जावं लागत नाही. राजवाड्याहून जेल रोडला वळा. तिथे एका मार्केटचं नावच नॉव्हेल्टी मार्केट आहे, यापेक्षा स्पष्ट इशारा परमेश्वर काय देणार? खोक्यावर काय लिहिलंय ते वाचत बसू नका. पंखा अधिक टॉर्च अधिक स्पीकर असं काही दिसलं की उचला. टू-इन-वन म्हणून खरं तर आमचा सराफा बाजारच काय तो अस्सल: दिवसा सोनं, रात्री खाऊगल्लीत तळलेला गराडू कंद, आणि सेल टाकावे लागत नाहीत. पण तो पिशवीत घालून कुणाला देता येत नाही. दुकानदाराला गॅरंटी विचारू नका, त्याला वाईट वाटतं. मी एकदा विचारली होती. तो म्हणाला, “काकाजी, गिफ्ट में देना है ना? फिर आपको क्या टेंशन?” भेटवस्तूचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आलं, म्हणून मी घासाघीस न करता पैसे दिले.

साहेबांपासून सुरुवात करू. ऑफिसातल्या साहेबांना कंप्युटरला जोडायची चहा गरम ठेवणारी बशी द्या. मी दिली आहे. दिसायला ती सुरेख असते, लाल दिवा लागतो, आणि साहेबांना वाटतं की आता फाइल वाचता वाचता चहा निवायचा नाही. हिशेब मात्र त्यांना करू देऊ नका. ही बशी ज्या युएसबी खाचेत जोडायची, ती १९९६ साली आली ती कीबोर्ड, माऊस, प्रिंटर या सगळ्यांना एकच खाच चालावी म्हणून, चहासाठी नव्हे. जुन्या साध्या खाचेतून पाच व्होल्टला अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॅट. दीडशे मिलिलिटर चहा एका अंशाने तापवायला साधारण ६३० ज्यूल लागतात. भागाकार करा: चार मिनिटं बारा सेकंद. एका अंशाला! तेही या चार मिनिटांत आपण आपली ऊब हवेत सोडणार नाही असं चहानं लिहून दिलं तर. चहा असं काही लिहून देत नाही. आमचे साहेब दोन महिने कोमट चहा पीत होते, आणि चूक आपल्या बोटांची आहे असं समजून त्यांनी रक्तातली साखर तपासून घेतली.

मामांना काय द्यायचं? वर म्हटलेली किल्ल्यांची साखळी. मामा किल्ल्या हरवतात म्हणून ही दिली, असं तोंडावर सांगताही येतं. हे यंत्र टाळीला किंवा शिट्टीला उत्तर देतं. मात्र टाळी कुणाची आणि शिट्टी कसली, हे ओळखण्याइतकं शिक्षण त्याचं झालेलं नसतं. लक्ष्मीपूजनाच्या आरतीला टाळ्या सुरू झाल्या आणि मामांच्या लेंग्याच्या खिशातून पीं-पीं सुरू झालं. मामा निष्ठावान, त्यांनी आरती मधेच सोडली नाही. उलट शेवटच्या कडव्यापर्यंत ते यंत्राच्या तालावर आले होते. खरा गोंधळ दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात झाला. मामींचा नियम साधा, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. आता कुकरनं एक शिट्टी दिली की ओट्यावरची साखळी तिला प्रतिसाद देई. तीनांतल्या कुकरच्या किती आणि किल्लीच्या किती, हे मामींना कळेना. त्या पाडव्याला आम्ही सगळ्यांनी भात चावून खाल्ला. आणि किल्ल्या जेव्हा खरोखरच हरवल्या, तेव्हा मामांनी घरभर टाळ्या पिटल्या. शेजारच्यांना वाटलं, भजनी मंडळ बसलंय. साखळीचा सेल संपला होता.

पाडवा निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो. पाडव्याला बायकोला यातलं काहीही देऊ नका. मी एका वर्षी कमरेला बांधायचा थरथरणारा पट्टा दिला होता, बसल्या जागी पोट कमी करणारा. या विषयावर अधिक लिहायची मला परवानगी नाही.

वहिनींना पाण्यावर लागणारे दिवे द्यावेत. हे तुम्ही पाहिले असतील: पणतीच्या आकाराचं प्लास्टिक, आत दोन धातूची टोकं, पाणी घातलं की टोकांमध्ये विजेची वाट पूर्ण होते आणि छोटा दिवा लागतो. तेल नको, वात नको, काजळी नको. साधा दिवा पाण्यानं विझतो, हा पाण्यानं लागतो. विज्ञान म्हणून उत्तमच आहे, त्यात खोट काढता येत नाही. आजीनं मात्र काढली. तिनं पाहिलं, हात जोडले आणि विचारलं, “ह्यात फुंकर कुठे घालायची?” मी दोन डझन घेतले होते, कारण दोन डझनाला भाव बरा लागला. दिवाळी झाल्यावर वहिनींनी ते पुसून, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले. जुलैत पाऊस लागला, माळ्याच्या कोपऱ्यात ओल आली, आणि रात्री दीड वाजता त्यांच्या घरात पत्र्याखालून चोवीस दिवे उजळले. दादा काठी घेऊन वर चढले. तेव्हापासून त्यांच्याकडे पाऊस जास्त झाला की आधी दिवाळी होते, मग बादली लावतात.

आता तुम्ही म्हणाल, अशी निरुपयोगी वस्तू घेऊन दारात जायचं म्हणजे लाज वाटते. वाटू देऊ नका, या धंद्याला मोठी परंपरा आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या गॅरी डाल नावाच्या जाहिरातवाल्यानं साधा गोटा पाळीव प्राणी म्हणून विकायला काढला. पुठ्ठ्याच्या खोक्यात गवतावर बसवलेला गोटा, त्याला श्वास घ्यायला खोक्याला भोकं, आणि त्याला कसं सांभाळावं याची बत्तीस पानी पुस्तिका. किंमत चार डॉलरच्या आसपास. नाताळच्या हंगामात लोक तुटून पडले आणि दहा लाखांवर गोटे खपले. आपल्याला यात नवल वाटू नये. ओंकारेश्वराला नर्मदेतून गोटा उचलून आपण बाणलिंग म्हणून घरी आणतोच. डालसाहेबांनी फक्त पोथी जोडली.

जपानात तर केंजी कावाकामी या गृहस्थांनी अशा वस्तूंचं शास्त्रच मांडलं. त्याला चिंदोगू म्हणतात. नूडल्स निववायला चॉपस्टिकला लावलेला छोटा पंखा, सर्दीवाल्यासाठी डोक्यावर बांधायची टॉयलेट पेपरची गुंडाळी, असलं बरंच काही. त्याचे दहा नियमही आहेत. वस्तू खरोखर उपयोगी पडता कामा नये हा एक, आणि ती विकायची नाही हा दुसरा. पहिला नियम आपण तंतोतंत पाळतो. दुसरा वाचायच्या आतच आपली जेल रोडची बस आली असावी. कधी कधी निरुपयोगाचाही नेम चुकतो, हे मात्र खरं. काठीच्या टोकाला कॅमेरा लावून स्वतःचाच फोटो काढायचा, ही कल्पना कावाकामींच्या १९९५ च्या संग्रहात गंमत म्हणून छापली गेली होती. आज रविवारी संध्याकाळी राजवाड्यासमोर उभे राहून पाहा. डोळे सांभाळा.

श्रीमंत नातेवाइकांचा प्रश्न वेगळा. त्यांना स्वस्त आणि निरुपयोगी चालत नाही, महाग आणि निरुपयोगी लागतं. २०१६ साली अमेरिकेत ज्युसेरो नावाचं एक रसयंत्र ६९९ डॉलरला निघालं होतं. त्यात कंपनीचीच फळांच्या तुकड्यांची पाकिटं घालायची, यंत्र ती दाबून रस काढणार. पुढच्या वर्षी पत्रकारांनी तेच पाकीट नुसत्या हातानं पिळून दाखवलं आणि काही महिन्यांत दुकान बंद झालं. आमच्या आजीनं चक्का उभ्या जन्मात पंच्यात बांधून टांगला, तिला हे रसयंत्राचं कुणी सांगितलं नाही ते बरं झालं. बिचारी त्या पत्रकारांसाठी हळहळली असती.

पण या सगळ्यांचा मेरुमणी म्हणजे नाचणारा कॅक्टस. हिरव्या मखमलीचा, कुंडीतला, डोक्यावर टोपी. गाणं लावलं की कंबर हलवतो, आणि तुम्ही जे बोलाल ते चिरक्या आवाजात पुन्हा म्हणून दाखवतो. तीन वर्षांपूर्वी मी तो सुदामानगरच्या आत्यांना दिला. त्यातली एक-दोन गाणी कोणत्या भाषेतली आहेत ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. आत्या त्यांना दाक्षिणात्य भजन समजून सकाळी फुलं वाहताना लावायच्या. २०२१ साली कॅनडात अशाच एका कॅक्टसबद्दल बोंब झाली होती. तो पोरांना पोलिश भाषेत अमली पदार्थांचं गाणं म्हणून दाखवत होता, हे पोलिश जाणणाऱ्या एका आजीबाईंच्या लक्षात आलं. सुदामानगरात पोलिश जाणणारं कुणी नाही, हे आमच्या भक्तिभावाचं नशीब.

भाऊबीजेच्या दुपारी शेजारचं कुटुंब फराळाला आलं. बेल वाजली. कॅक्टस फ्रिजवर होता. आत्या सुनेला हलक्या आवाजात म्हणाल्या, “आले वाटतं! अगं, अनारसे आत ठेव, ह्यांना शेवच दे.” सुनेनं दार उघडलं. पाहुण्यांनी चपला काढल्या. आणि फ्रिजवरून, कमरेला झोके देत, आत्यांच्या दुप्पट आवाजात: आले वाटतं, अगं, अनारसे आत ठेव.

पाहुणे चांगले होते. ते हसले, शेव खाल्ली, वर जिरावण मसाला मागून घेतला. आता दरवर्षी ते अनारसे मागूनच घेतात, आणि आत्यांना जास्तीचे तळावे लागतात. कॅक्टस मात्र आत्यांनी दुसऱ्याच दिवशी रामबागेत आमच्या घरी परत पाठवला. खोक्यासकट. कागद त्याच रंगाचा होता, फक्त उलटा गुंडाळलेला.

इथे तुम्हाला एक व्यावहारिक सल्ला देणं भाग आहे. अशी वस्तू परत आली तर फेकून देऊ, असं मनात आणू नका. निदान इंदुरात नको. २०१७ पासून सलग सात वेळा आमचं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि तो पहिला नंबर घरोघरच्या डब्यांमधून निघतो. दारात येणाऱ्या गाडीला ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, घातक आणि सॅनिटरी असे वेगवेगळे कप्पे. दोडक्याच्या सालींचं देवगुराडियाच्या कचरा प्रकल्पात बायोगॅसमध्ये सोनं होतं. रोज साडेपाचशे टन ओला कचरा पचवायची त्या प्रकल्पाची ताकद आहे, आणि त्या गॅसवर सिटीबस धावते. पण कॅक्टस? मखमल सुक्यात, कुंडी प्लास्टिकमध्ये, आतली पाटी इलेक्ट्रॉनिकमध्ये, सेल घातकमध्ये. दोडका कळतो. कॅक्टसचं शवविच्छेदन करायला घरात डॉक्टर लागतो.

तरी मी प्रयत्न केला. सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं तसा खाली उतरलो, कॅक्टस सबंधच्या सबंध इलेक्ट्रॉनिकच्या कप्प्यात ठेवला आणि इकडेतिकडे न बघता जिना चढलो. बटण बंद करायचं राहून गेलं होतं. गाडीच्या भोंग्यावर गाणं वाजायचं, ओळ संपायची, आणि कप्प्यातून तीच ओळ चिरक्या आवाजात पुन्हा यायची. सगळी गल्ली गॅलरीत आली. समोरच्या काकूंनी विचारलं, नवीन गाडी आली का?

दोन मिनिटांनी दारावर थाप. गाडीवाला पोरगा कॅक्टस बगलेत घेऊन उभा. “काकाजी, ये तो चालू है. चालू माल कोई फेंकता है क्या भिया? किसी को गिफ्ट कर दो.”

चालू माल कोई फेंकता है क्या भिया, कॅक्टस म्हणाला.

पोरगा शहाणा आहे. तर येत्या दिवाळीला तुम्ही इंदुरातच आहात ना? आणि घर कोणत्या गल्लीत म्हणालात?