चेहरा पाडून बसू नये म्हणे

आज चौथ्यांदा ऐकलं. "लक्ष्मीपूजन आलंय, असा चेहरा पाडून बसू नये." आधी सासूबाई, मग जाऊबाई, मग समोरच्या काकू, आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर आत्यासुद्धा. माझा चेहरा म्हणजे आता सोसायटीच्या मीटिंगचा विषय व्हायचा तेवढा राहिलाय.

माझी आई मार्चमध्ये गेली. सगळ्यांना माहीत आहे. ऐरोलीला भावाकडे यंदा कंदील नाही, तळणीचा वास नाही. वर्षाच्या आत सण करत नाहीत म्हणून शेजारपाजारचे फराळाचे डबे आणून देतायत, दोन मिनिटं बसून जातायत. आणि मी? लग्न झालेली मुलगी. त्याच आईचं सुतक मला तीन दिवसांचं! चौथ्या दिवसापासून म्हणे मी 'आपल्याकडची'. आणि आपल्याकडे सण आहे.

अहो, करा ना सण. लावा माळा. मी एवढंच म्हटलं की यंदा फराळ बाहेरून आणू. गोखले रोडला किलोवर मिळतो. तर लगेच, "बाहेरच्याला घरची सर येते का?" नाही येत. पण ज्यांना ती सर हवीय ते सगळे सोफ्यावर आहेत.

मग काय, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून सव्वाआठला घरी, जेवणं आवरून साडेदहाला कढई. अनारशांचं पीठ जांभळी नाक्यावरून तयार आणलेलं. पहिलाच अनारसा तुपात पडल्या पडल्या हसला. (ज्यांनी फक्त खाल्लेत त्यांच्यासाठी: हसला म्हणजे फुटून जाळीसकट पसरला.) दुसरा हसला, तिसरा हसला. दरवर्षी याच वेळी आईला फोन लावायचे आणि ती झोपेतच म्हणायची, "थोडी तांदळाची पिठी घाल गं." हात फोनकडे गेलासुद्धा. घरात त्या रात्री हसत होते ते फक्त अनारसे.

ऑफिसची तऱ्हा वेगळीच. 'सणासुदीत मन जपा' असा मेल आला. दीर्घ श्वास घ्या, स्वतःला वेळ द्या, 'नाही' म्हणायला शिका. खाली तळटीप: शुक्रवारी पारंपरिक वेश सक्तीचा. एक दिवस रजा मागितली तर साहेब म्हणाले, महिनाअखेर आहे. 'नाही' म्हणायला तेच शिकलेत.

शेवटी जेवताना नवऱ्याला म्हटलं, मला काउन्सेलरशी बोलायचंय. तो काही बोलायच्या आत दीर म्हणाले, "वहिनी, लांब कशाला, आपण ठाण्यातच राहतो की!" सगळे हसले. ते मनोरुग्णालय इथे 1901 पासून आहे. सव्वाशे वर्षं तिथे माणसं बरी होतायत आणि सव्वाशे वर्षं यांचा एकच विनोद.

सरकारचा टेलि-मानस नावाचा नंबर आहे, 14416. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. बाल्कनीत लवंगी माळा, हॉलमध्ये पाहुणे, म्हणून आत्ता बाथरूममध्ये बादली पालथी घालून बसून लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "आई कशी होती तुमची?" सांगायला लागले, अनारशांपर्यंत पोचले, तोच दारावर थाप.

उद्याच्या अंघोळीचं उटणं कुठे ठेवलंय म्हणे.